हातहत्यारांच्या सुतारकामासाठी वजनदार बाक कसे बांधावे

रंधा मारताना बाक जागचे हलू लागले, तर हातातला जोर लाकडावर पडण्याऐवजी बाक ढकलण्यात खर्च होतो. दिवसअखेर खांदे भरून येतात, फळी मात्र सपाट झालेली नसते. मी बांधलेल्या पहिल्या बाकाचा माथा जेमतेम ३० मि.मी. जाडीचा होता आणि पाय चौकटीला स्क्रूंनी जोडलेले होते. एक लांब फळी रंधून होईपर्यंत ते बाक वीतभर पुढे सरकलेले असे आणि ते ओढून पुन्हा जागेवर आणणे हा कामाचाच एक भाग होऊन बसला होता. वर्षभरात स्क्रूंची भोके सैल झाली, तेव्हा ते मोडले आणि त्याच्या लाकडाची मांडणी केली. यंत्रावर काम करताना लाकूड यंत्राकडे नेले जाते, त्यामुळे तेथे बाक म्हणजे वस्तू ठेवायची जागा असली तरी भागते. हाताने काम करताना हत्यार लाकडाकडे जाते, आणि तेव्हा लाकडाने तसूभरही हलून चालत नाही. म्हणून या बाकाचे प्रत्येक माप आणि प्रत्येक सांधा ठरवताना, आडवा, उभा किंवा तिरका धक्का बसला तर हे हलेल का, एवढाच प्रश्न विचारावा.

बाकाने तीन प्रकारे लाकूड धरायचे असते: फळीची पाठ रंधण्यासाठी ती माथ्यावर आडवी, कड रंधण्यासाठी ती बाकाच्या पुढच्या बाजूला उभी, आणि टोकाला सांधा कापण्यासाठी ती जमिनीच्या काटकोनात. कोणताही आराखडा निवडण्याआधी, तो या तिन्ही गोष्टी किती सहज करू देतो हे कागदावर तपासून पाहावे. अठराव्या शतकात पॅरिसचे सुतार आंद्रे जाकोब रूबो यांनी ज्या बाकाचे वर्णन केले, त्यात जाड माथा, चार भक्कम पाय आणि पायांच्या तळाशी आडव्या पट्ट्या, याखेरीज फारसे काही नाही. या बाकाचे मर्म एका साध्या गोष्टीत आहे: पुढच्या पायांचा दर्शनी भाग आणि माथ्याची पुढची कड एकाच पातळीत असतात. त्यामुळे लांब फळी किंवा दाराची चौकट पुढच्या बाजूला लावली की ती माथा आणि पाय दोघांनाही टेकते आणि कोठेही घट्ट दाबून धरता येते. माथा पायांच्या पुढे आलेला असेल, तर ही सोय कायमची जाते. पुढे दिलेली कृती याच आराखड्यावर आधारलेली आहे.

मापे

उंचीबाबत कोणाचाही छापील आकडा प्रमाण मानू नये. काम करताना पायात जे घालतो ते घालून सरळ उभे राहावे, हात मोकळे सोडावेत आणि करंगळी जेथे तळव्याला मिळते तो सांधा जमिनीपासून किती उंच आहे हे दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. ज्याचे मुख्य काम रंध्याचे आहे, त्याच्या बाकाचा माथा याच उंचीच्या आसपास असावा. बहुतेकांच्या बाबतीत हे माप ७५ ते ८५ सें.मी.च्या दरम्यान येते. एवढ्या उंचीवर हात जवळजवळ सरळ राहतात आणि रंधा नुसत्या मनगटाने न ढकलता कंबर आणि पाय यांच्या जोरावर पुढे जातो. बारीक सांधे कापणे किंवा कोरीव काम यांसाठी ही उंची कमी पडते हे खरे, पण त्यासाठी माथ्यावर ठेवता येईल असे एक छोटे, १५ सें.मी. उंचीचे बाक वेगळे करून घेता येते. उंच बाक मात्र रंध्यापुरते खाली घेता येत नाही. मनात शंका असल्यास पाय २ ते ३ सें.मी. जास्त लांब ठेवावेत, आठवडाभर काम करून पाहावे आणि मग कापावेत.

लांबी १८० ते २४० सें.मी. असावी. जागा असेल तर लांब बाकाचा कधीच पश्चात्ताप होत नाही. रुंदी मात्र ५० ते ६० सें.मी. पुरे, त्याहून रुंद बाकाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात काम होत नाही, फक्त हत्यारांचा ढीग साचतो. माथ्याची जाडी ७५ ते १०० मि.मी. धरावी.

वजनाचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. २०० सें.मी. लांब, ५५ सें.मी. रुंद आणि ९ सें.मी. जाड माथ्याचे घनफळ सुमारे ०.१ घनमीटर होते. पाइनचे वाळलेले लाकूड घनमीटरला सुमारे ५०० किलो भरते, म्हणजे नुसता माथा ५० किलोंचा. बीचचा असेल तर ७० किलोंच्या आसपास. पाय, पट्ट्या आणि खालचा फळा मिळून आणखी ३५ ते ४५ किलो सहज होतात. हलक्या जातीचे लाकूडही जाड वापरले की पुरेसे वजन देते, हे यातून दिसते. त्यामुळे कठीण आणि महाग लाकूड मिळेपर्यंत थांबून राहण्याचे काही कारण नाही.

लाकूड

बाकासाठी लाकडाच्या जातीपेक्षा त्याचा सरळपणा आणि कोरडेपणा महत्त्वाचा आहे. युरोपात बीच, उत्तर अमेरिकेत मेपल अशा परंपरा आहेत. ओक, अ‍ॅश, डग्लस फर, पाइन यांचीही उत्तम बाके झालेली आहेत. माझे स्वतःचे मत थोडे मऊ लाकडाच्या बाजूने आहे, कारण बाक आणि त्यावरची वस्तू एकमेकांवर आपटतात तेव्हा व्रण बाकावर पडलेला परवडतो. साग वापरायचा असेल, तर त्यातील नैसर्गिक तेलामुळे डिंक नीट धरत नाही हे लक्षात ठेवून, ताज्या रंधलेल्या कडा ॲसिटोनने पुसाव्यात आणि त्या सुकताच, वेळ न दवडता, डिंक लावावा.

फळ्या निवडताना त्यांची टोके पाहावीत. वर्तुळांचा मध्यबिंदू, म्हणजे झाडाचा मऊ गाभा, ज्या फळीत आहे ती फळी वाळताना तडकणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. पण अशी फळी टाकून देण्याचीही गरज नाही. ती रुंद असेल, तर मधला गाभ्याचा पट्टा करवतीने काढून टाकावा. दोन्ही बाजूंना उरणारे लाकूड बहुधा फळीतले सर्वांत स्थिर लाकूड असते. गाठी असल्या तरी चालतील, मात्र त्या घट्ट असाव्यात आणि माथ्याच्या वरच्या पृष्ठावर येणार नाहीत अशी मांडणी करावी, कारण गाठीभोवती रेषे दिशा बदलतात आणि रंधा नेमका तेथेच लाकूड उपसतो.

मोकळ्या हवेत लाकूड वाळायला दर २५ मि.मी. जाडीला साधारण एक वर्ष लागते, असा जुना अंदाज आहे. ज्या खोलीत बाक राहणार आहे त्याच खोलीत फळ्या मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात आणि काही आठवडे तशाच ठेवाव्यात. ओलावा मोजण्याचे उपकरण असेल तर १० ते १४ टक्क्यांच्या दरम्यान आकडा यावा. नसेल तर एका फळीच्या मधोमध कापलेला तुकडा दर आठवड्याला काट्यावर तोलावा. वजन उतरायचे थांबले की लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळले असे समजावे. माथा आणि आडव्या पट्ट्या यांच्या बाबतीत ही घाई अजिबात करू नये.

माथा

एवढ्या जाडीचा अखंड आणि वाळलेला ओंडका मिळणे कठीण, त्यामुळे माथा फळ्या चिकटवून करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. ४५ मि.मी. जाडीच्या फळ्या घेऊन त्यांच्या सुमारे १०० मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि त्या कडेवर उभ्या करून एकमेकींना चिकटवाव्यात; अशा १२ पट्ट्यांनी ५४ सें.मी. रुंदी होते. पट्ट्या उभ्या ठेवण्याचा आणखी एक फायदा असा, की साध्या चिरलेल्या फळीची वर्तुळे त्यामुळे माथ्याच्या पृष्ठाला उभी येतात. लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितके फुगते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने फुगते. त्यामुळे असा माथा ऋतूंबरोबर कमी हलतो.

पट्ट्या लावायचा क्रम ठरवताना प्रत्येकीच्या रेष्यांची दिशा पाहावी. रेषे कडेकडे कोठल्या बाजूने चढत जातात ते बघून त्या दिशेने खडूने बाण काढावा आणि सगळे बाण एकाच बाजूला येतील अशी मांडणी करावी. हे करायला पाच मिनिटे लागतात. न केल्यास माथा सपाट करताना एका पट्टीवर रंधा लोण्यासारखा चालतो आणि शेजारच्या पट्टीवर लाकडाचे कपचे उडतात, आणि हा त्रास बाक आहे तोवर पाठ सोडत नाही.

चिकटवायची पृष्ठे लांब रंध्याने सरळ करून घ्यावीत. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून वरची मधोमध बोटाने फिरवून पाहावी: ती मध्यावर भोवऱ्यासारखी फिरली तर मध्ये फुगवटा आहे, आणि दोन्ही टोकांजवळ अडखळत फिरली तर पृष्ठ ठीक आहे. मध्ये कागदाच्या जाडीइतकी पोकळी राहिली तरी क्लॅम्प ती मिटवतो. फुगवटा मात्र कोणताही क्लॅम्प मिटवत नाही, तो टोके उघडी पाडतो. पट्टीत पीळ असेल तर तो आधीच काढावा. त्यासाठी दोन सरळ, समान रुंदीच्या काठ्या पट्टीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून एका काठीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे नजर लावली, की काठ्या समांतर आहेत की नाहीत हे लगेच दिसते.

बाराही पट्ट्या एका दमात चिकटवण्याचे धाडस करू नये. साधा पीव्हीए डिंक पाचदहा मिनिटांतच धरू लागतो आणि तेवढ्या वेळात बारा पट्ट्या जुळवणे एकट्याच्या आवाक्यातले नाही. तीन किंवा चार पट्ट्यांचे गठ्ठे करावेत, प्रत्येक गठ्ठा रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी त्याच्या बाहेरच्या बाजू पुन्हा रंधून सरळ कराव्यात आणि मग गठ्ठे एकमेकांना जोडावेत. डिंक लावण्याआधी एकदा सगळे कोरडे जुळवून क्लॅम्प आवळून पाहावेत; कोठला क्लॅम्प कोठे जाणार आणि कोणता आखूड पडणार हे डिंक सुकत असताना कळून उपयोग नसतो. क्लॅम्प २० सें.मी.च्या अंतराने, एक वरून आणि एक खालून असे लावावेत, म्हणजे माथा एका बाजूला वाकत नाही. सांध्याच्या संपूर्ण लांबीवर डिंकाचे बारीक मणी एका रांगेत बाहेर आले, तर डिंक पुरेसा आहे. क्लॅम्प थोडेच असतील, तर रोज एकच पट्टी जोडावी. दोन आठवड्यांत माथा तयार होतो आणि सांधेही चांगले येतात.

पाय आणि खालची चौकट

पायही त्याच फळ्यांचे, तीन थर चिकटवून करावेत. यात एक हुशारी आहे. मधला थर अखंड न लावता मध्येच सोडला, तर पाय चिकटवला की आडव्या पट्टीच्या कुसवासाठी, म्हणजे तिच्या टोकाला ठेवलेल्या जिभेसाठी, खाच आपोआप तयार मिळते, आणि मधला थर वर ५० मि.मी. जास्त ठेवला तर माथ्यात शिरणारे कुसूही तयार होते. १०० मि.मी. रुंद पट्ट्यांचे तीन थर घेतले की पाय सुमारे १३५ × १०० मि.मी. होतो, थर बाकाच्या लांबीच्या दिशेने एकमेकांशेजारी येतील असा तो उभा करावा. खाच सोडताना त्या जागी बरोब्बर कुसवाच्या मापाचा एक ठोकळा मेण लावून ठेवावा आणि डिंक घट्ट व्हायच्या आत काढून घ्यावा, म्हणजे खाचेत डिंक साचत नाही. ठोकळा काढायला विसरल्यास तो पटाशीने फोडून काढावा लागतो.

चौकटीला चार आडव्या पट्ट्या लागतात, दोन आखूड आणि दोन लांब. आखूड पट्ट्या पुढचा आणि मागचा पाय जोडतात आणि त्यांची कुसवे तयार खाचांत जातात. लांब पट्ट्यांसाठीच्या खाचा मात्र पायाच्या थरात खोदाव्या लागतात: रुंदीएवढ्या व्यासाच्या गिरमिटाने शेजारी शेजारी भोके पाडावीत, प्रत्येक भोक काटकोनात आहे की नाही हे बाजूला गुण्या उभा करून पाहावे, आणि मग पटाशीने भिंती साफ कराव्यात. आखूड आणि लांब पट्ट्या एकाच उंचीवर घेतल्या तर त्यांची कुसवे पायाच्या आत एकमेकांना भिडतात, म्हणून आखूड पट्टी थोडी वर घ्यावी. बाक पुढेमागे दुसऱ्या जागी न्यायचे असेल, तर लांब पट्ट्यांना लहान कुसू ठेवून त्या नटबोल्टने आवळाव्यात. रंधा बाकाच्या लांबीच्या दिशेनेच ढकलला जात असल्याने सैल होणारा सांधा हाच असतो, आणि बोल्ट पुन्हा आवळता येतो.

आखूड पट्ट्यांचे सांधे नुसत्या डिंकावर सोडू नयेत. त्यांत भोके थोडी सरकवून खुंटी ठोकावी, म्हणजे खुंटीच सांध्याला आयुष्यभर ओढून धरते. ही कृती नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रथम कुसू खाचेबाहेर असताना पायाच्या बाहेरच्या थरातून, खाचेला आरपार, १० मि.मी.चे भोक पाडावे. ते पायाच्या आतल्या कडेपासून, म्हणजे जेथे पट्टीचा खांदा (कुसवाच्या बुडाशी असलेली पट्टीची रुंद पायरी) टेकणार आहे त्या कडेपासून, सुमारे २५ मि.मी. अंतरावर असावे. मग कुसू खाचेत पूर्ण बसवून त्याच भोकातून ड्रिलचे टोक आत घालावे आणि एक हलका ठोका देऊन कुसवाच्या गालावर, म्हणजे रुंद बाजूवर, मध्यबिंदूची खूण करून घ्यावी. कुसू बाहेर काढावे आणि त्या खुणेपासून खांद्याच्या दिशेने २ मि.मी. सरकवून नवा बिंदू घ्यावा. कठीण लाकडात दीड मि.मी. पुरते. कुसवातले भोक या नव्या बिंदूवर पाडावे. आता सांधा जुळवला, की भोकातून पाहताना कुसवातले भोक किंचित खांद्याकडे सरकलेले, चंद्रकोरीसारखे दिसते. खुंटी आत शिरताना हे सरकलेले भोक सरळ रेषेत यायला बघते आणि खांद्याला पायावर घट्ट ओढते.

खुंटीचे लाकूड सरळ रेष्यांचे, पूर्ण कोरडे आणि चौकटीहून कठीण असावे. ती करवतीने न कापता पटाशीने चिरून काढावी, कारण चिरलेल्या तुकड्यात रेषे टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात आणि खुंटी भोकांतून वाकून जाताना मोडत नाही. टोकाकडे ३ ते ४ सें.मी. पेन्सिलीसारखा निमुळतेपणा द्यावा आणि थोडे मेण लावावे. ठोकताना हातोड्याचा आवाज आधी पोकळ येतो. खांदा पायाला पूर्ण भिडला की तो एकदम भरीव होतो आणि सांध्याची रेषा डोळ्यांदेखत मिटते. खूण खांद्याकडे सरकवायची की टोकाकडे, याचा घोळ मात्र होऊ देऊ नये. मी एकदा चारही भोके उलट्या दिशेला पाडली होती, आणि प्रत्येक ठोक्यासरशी सांधा मिटायच्या ऐवजी उघडत गेला. कुसवातली भोके बुजवून पुन्हा पाडण्यात एक अख्खा दिवस गेला. तेव्हापासून पट्टीच्या खांद्याजवळ पेन्सिलीने मोठी फुली काढून ठेवतो आणि भोक फुलीकडे सरकवतो.

माथा चौकटीवर बसवणे

माथ्यातल्या खाचांची मापे टेपने काढून उपयोग नाही, ती पायांवरूनच उतरवून घ्यावीत. माथ्याची खालची बाजू आधी रंधून सपाट करावी. मग तो दोन मजबूत ठोकळ्यांवर पालथा ठेवावा आणि खालची बांधून झालेली चौकट उलटी करून त्यावर उभी करावी. पुढच्या पायांचा दर्शनी भाग आणि माथ्याची पुढची कड सरळ पट्टी लावून एका पातळीत आणावी, दोन्ही टोकांना माथा पायांच्या बाहेर २५ ते ४० सें.मी. सुटेल असे पाहावे, आणि धारदार सुरीने प्रत्येक कुसवाभोवती रेघ ओढावी. चौकट काढून खाचा ५५ मि.मी. खोल खणाव्यात, म्हणजे कुसू तळाला टेकत नाही आणि खांद्यांवर वजन येते.

पुढच्या दोन खाचा घट्ट असाव्यात. मागच्या दोन खाचा माथ्याच्या रुंदीच्या दिशेने दोन्ही बाजूंना ३ मि.मी. मोठ्या ठेवाव्यात. ५५ सें.मी. रुंदीचा माथा पावसाळी आणि कोरड्या हवेच्या दरम्यान ३ ते ६ मि.मी. सहज कमीजास्त होतो, पण पायांमधल्या आखूड पट्ट्यांची लांबी मात्र बदलत नाही, कारण लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलतच नाही. दोन्ही बाजू जखडल्या तर कधीतरी माथा फाटतो किंवा पाय तिरके होतात. पुढच्या कुसवांना माथ्याच्या कडेतून एकेक खुंटी मारावी. मागची बाजू नुसती टेकलेली राहिली तरी वजनामुळे ती उचलली जात नाही. माथा उलटा करून बसवताना तीन माणसे हवीत. ५० ते ७० किलोंचा हा ठोकळा खाली येताना बोटे मध्ये नाहीत याची खात्री प्रत्येकाने स्वतः करून घ्यावी.

बाक उभे राहिले की पायाखाली पाचरी सारून माथा पाणसळीने समपातळीत आणावा. नंतर सर्वांत मोठ्या फटीच्या जाडीचा लाकडी तुकडा जमिनीवर ठेवून, त्याच्या माथ्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांभोवती रेघ फिरवावी आणि त्या रेघेवर पाय कापावेत. तळाच्या कडा तिरक्या रंधून घ्याव्यात, नाहीतर बाक ओढताना पायाला चिरा पडतात. लांब पट्ट्यांवर फळ्या आडव्या टाकून खालचा फळा करावा; जड वस्तू तेथे ठेवल्याने बाकाच्या वजनात आणखी भरच पडते.

लाकूड धरण्याची साधने

उजव्या हाताने काम करणारा उजवीकडून डावीकडे रंधा मारतो, त्यामुळे धक्का अडवणारी साधने डाव्या टोकाला हवीत. पहिले आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे अटकाव: ६० मि.मी. चौरस, कठीण लाकडाचा एक दांडा, जो माथ्यातल्या तितक्याच घट्ट चौकोनी भोकातून खालून वर हातोड्याने ठोकून हवा तितका वर काढता येतो. फळी त्याला टेकवली की रंध्याचा जोर तिला तेथेच दाबून ठेवतो. फळी पालटताना काहीही सोडावे किंवा आवळावे लागत नाही, आणि दिवसात शंभर वेळा फळी पालटणाऱ्याला याची किंमत लवकर कळते. अटकावाचे भोक पायाच्या डोक्यावर येणार नाही एवढे पाहावे.

पुढचा व्हाइस, म्हणजे स्क्रूने आवळून लाकूड पकडणारा शिकंजा, डाव्या पायावर बसवणे मला सर्वांत पटते. सुमारे ६० मि.मी. जाड आणि २० सें.मी. रुंद कठीण फळीचा जबडा, त्यातून आणि पायातून जाणारा एक स्क्रू, आणि तळाशी भोके असलेली एक समांतर पट्टी, एवढेच त्याचे भाग. स्क्रू माथ्याच्या वरच्या पृष्ठापासून २० ते २५ सें.मी. खाली घ्यावा. समांतर पट्टीतली खुंटी धरायच्या लाकडाच्या जाडीप्रमाणे बदलली की जबड्याचे खालचे टोक तेवढेच बाहेर राहते, वरचे टोक आत दाबले जाते आणि पकड विलक्षण घट्ट बसते. जबड्याच्या आतल्या बाजूला चामड्याचा तुकडा चिकटवावा. ज्या पायावर हा व्हाइस येणार, त्यातली स्क्रूची आणि समांतर पट्टीची भोके चौकट बांधण्याआधीच पाडून ठेवणे शहाणपणाचे.

होल्डफास्ट म्हणजे भोकात सोडून एक ठोका देताच फळीला दाबून धरणारा लोखंडी आकडा. त्यासाठी बहुधा १९ मि.मी.ची भोके लागतात, ती आकड्याच्या दांड्याला मोजून पाडावीत. फार जाड माथ्यात आकडा नीट अडकत नाही. तसे झाल्यास भोक खालच्या बाजूने थोडे रुंद करावे. सगळी भोके पहिल्याच दिवशी आखून पाडायचा मोह टाळावा. मागच्या कडेजवळ तीनचार पाडावीत, पुढच्या उजव्या पायात लांब फळीच्या आधारासाठी दोनतीन पाडावीत आणि बाकीची गरज पडेल तशी. टोकाचा दुसरा व्हाइस मी मुद्दाम सांगत नाही. एका फळीच्या टोकाला काटकोनी खाच कापून, ती फळीच्या मागच्या कोपऱ्याला टेकवून होल्डफास्टने दाबली, की रुंद फळीही आडवी सरकत नाही, आणि टोकाच्या व्हाइसचे निम्म्याहून जास्त काम तेथेच भागते.

सपाटी आणि तेल

माथा बांधल्याबरोबर सपाट करू नये. दोनतीन आठवडे नव्या जागेत स्थिरावू द्यावा. मग वक्र धारेच्या पात्याच्या जॅक रंध्याने (जाड छिलके काढणाऱ्या मध्यम लांबीच्या रंध्याने), रेष्यांना आडवे, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत उंचवटे उतरवावेत. आधी मागच्या कडेचा कोपरा तिरका रंधून घ्यावा, नाहीतर रंधा बाहेर पडताना तेथील लाकूड फाटते. त्यानंतर दोन्ही दिशांनी तिरके, आणि शेवटी पाते बारीक करून लांब रंध्याने रेष्यांच्या दिशेने, असा क्रम ठेवावा. पीळ पाहणाऱ्या काठ्या अधूनमधून ठेवतच राहाव्यात. पुढचा २५ ते ३० सें.मी. रुंदीचा पट्टा अचूक असणे गरजेचे आहे, कारण काम तेथेच होते. मागच्या भागात अर्ध्या मि.मी.चा खड्डा राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही. पृष्ठ काचेसारखे गुळगुळीतही करू नये, त्यावर फळी घसरते. त्याच कारणाने चकचकीत वार्निश देऊ नये.

उकळवलेल्या जवसाच्या तेलाचा एक हात लावून पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून काढले की पुरे. सांडलेला डिंक मग सहज खरवडून निघतो. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण वाळताना ती आपोआप तापून पेट घेतात. ती बाहेर उघडी पसरून पूर्ण वाळू द्यावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. वर्षातले ओले आणि कोरडे असे दोन्ही ऋतू एकदा उलटून गेले, की बोल्ट पुन्हा आवळावेत, काठ्या ठेवून माथा पाहावा आणि जेथे उठला असेल तेथे रंधा मारावा. पहिल्या वर्षी बरेच लाकूड निघते, त्यानंतर फारसे नाही.